जुन्या पिकअपला आरपीएम मीटर, आणि चढाला गाडी ओढत नाही याचा शोध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी पेट्रोल पिकअप आहे, चार सिलिंडर, कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग), पाच गिअर. डॅशबोर्डवर आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) नाही. रिकामी गाडी सपाटीला बरी चालते, पण माल भरून चढाला लागली की चौथ्यात अजिबात ओढत नाही आणि तिसऱ्यातही जेमतेम चढते. एकाने सांगितलं, 'इंजिन खोलावं लागेल.' त्याआधी मीटर बसवून काही कळेल का, आणि त्याची वायर कुठून घ्यायची, असं तुम्ही विचारता.

मीटर जरूर बसवा. पण ते औषध नाही, तपासणीचं साधन आहे. मीटर बसवल्याने गाडीची ताकद कणभरही वाढणार नाही. तुमचा खरा प्रश्न मीटरचा नाहीच. ताकद इंजिनात तयारच होत नाही, की तयार होऊन चाकापर्यंत पोहोचत नाही, हा तो प्रश्न आहे. ड्रायव्हरला दोन्ही सारखंच जाणवतं. पेडल दाबलं, आवाज झाला, गाडी गेली नाही. त्यातला फरक आरपीएमचा काटा दाखवतो. म्हणून इंजिन खोलण्याच्या निर्णयाआधी मीटर बसवण्याचा तुमचा विचार मला अगदी योग्य वाटतो.

मात्र मीटरचं पाकीट फोडण्याआधी एक काम करा. इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टरचं झाकण काढा, कुणाला तरी ड्रायव्हरच्या जागी बसवून एक्सलेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघा. थ्रॉटलची चकती पूर्ण उभी झाली पाहिजे. जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते, पेडलचा दांडा वाकलेला असतो, किंवा पेडलखाली जाड मॅट घातलेली असते आणि चकती अर्धीच उघडते. दोन तोंडांचा कार्बोरेटर असेल तर दुसरं तोंड उघडतं का तेही बघा. ते वर्षानुवर्षं जाम असलं तरी सपाटीला कळत नाही. इंजिन दोनदा खोलून झालेल्या एका गाडीत मला शेवटी हेच सापडलं होतं. तेव्हापासून 'ताकद नाही' म्हणून आलेल्या प्रत्येक गाडीचं मी आधी हे बघतो, मग बाकीचं.

आता मीटर. तुमच्या इंजिनाला कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि पॉइंट (तिचा करंट तोडणारा स्विच) आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. मीटरला बहुधा चार वायरी असतात. एक करंटची, एक अर्थची, एक सिग्नलची आणि एक मीटरच्या आतल्या दिव्याची. सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलला जाते, म्हणजे ज्या टर्मिनलवरून डिस्ट्रिब्यूटरकडे पातळ वायर गेलेली असते तिथे. पॉइंट दर वेळी उघडला की तिथे एक झटका तयार होतो आणि मीटर तेच झटके मोजतो. फोर स्ट्रोक चार सिलिंडर इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्पार्क पडतात, सहा सिलिंडरला तीन, आठला चार. म्हणून मीटरच्या मागे ४, ६, ८ असं बटण असतं. ते न बघता मीटर बसवला आणि बटण ८ वर राहिलं, तर तुमचं इंजिन ८०० वर चालत असताना काटा ४०० दाखवेल. एवढ्या कमी आरपीएमवर हे इंजिन नीट चालूच शकत नाही, म्हणून स्लोवरचं (पेडल न दाबता इंजिन चालू असतानाचं) रीडिंग निम्मं दिसलं की आधी बटण तपासा.

करंटची वायर फ्यूज बॉक्समधून, किल्ली फिरवल्यावरच करंट येतो अशा जागेवरून घ्या. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून घेऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो, कारण ते टर्मिनल हाताशीच असतं. पण पुष्कळ जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टर असतो, त्यामुळे तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत आणि मीटर वेडंवाकडं दाखवतो. अर्थ रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर, नटबोल्टने घट्ट. दिव्याची वायर डॅशबोर्डच्या दिव्यांच्या लाइनला.

सिग्नलच्या वायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चूक झाली तर गाडी रस्त्यात बंद पडते ती इथेच. पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉइलच्या निगेटिव्हवर काहीशे व्होल्टचा झटका येतो. इंजिन चालू असताना तिथे हात लावू नका आणि वायर चांगल्या इन्सुलेशनची वापरा. दुसरं म्हणजे, ही वायर फायरवॉलच्या भोकात घासून पत्र्याला टेकली, तर पॉइंट कायम बंद राहिल्यासारखी अवस्था होते. स्पार्क थांबतो, इंजिन बंद पडतं, आणि किल्ली चालूच राहिली तर कॉइल तापत राहते. भोकात रबरी ग्रोमेट हवंच. मी त्याशिवाय या वायरमध्ये कॉइलजवळच एक अँपिअरचा फ्यूज घालतो. मीटरला सिग्नलसाठी अगदी नगण्य करंट लागतो, त्यामुळे फ्यूजने रीडिंग बिघडत नाही. पण वायर कुठे टेकलीच तर फ्यूज उडतो, मीटर बंद पडतो आणि इंजिन चालू राहतं. वायर प्लगच्या वायरींपासून लांब न्या, नाहीतर काटा थरथरतो.

मागे कुणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बसवला असेल, तर आधी त्या डब्यावर मीटरसाठी वेगळं टर्मिनल आहे का ते बघा. कपॅसिटर डिस्चार्ज प्रकारचा डबा असेल तर मीटर कॉइलला अजिबात जोडू नका. डिझेल पिकअपला कॉइलच नसते. तिथे सिग्नल अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टर्मिनलवरून किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसवलेल्या सेन्सरवरून घेतात, आणि मीटरही त्या सिग्नलला चालणारा, कॅलिब्रेट करता येणारा लागतो. अल्टरनेटरचे झटके पुली केवढी आहे आणि आत पोल किती आहेत यावर ठरतात, म्हणून क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल मीटरने एकदा ताळा घ्यावा लागतो.

मीटर बसला. आता त्याचा उपयोग कसा करायचा?

पहिली परीक्षा क्लचची. मोकळ्या सरळ रस्त्यावर, किंवा त्याहून बरं म्हणजे हलक्या चढावर, माल भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये ५०-६० किलोमीटरच्या वेगाने चालवा आणि पेडल एकदम तळापर्यंत दाबा. मागच्या चाकांच्या पाच गिअरच्या गाडीत चौथा गिअर साधारणपणे डायरेक्ट, म्हणजे एकास एक असतो. क्लच धरून असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबरच, सावकाश वर सरकेल. काटा पाचशे-सहाशेने झटकन वर गेला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. मग इंजिनाला हात लावण्याचं कारणच नाही. आधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे का बघा, कारण ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटही घसरते. मोकळी चाल असूनही घसरत असेल तर प्लेट झिजली आहे, नाहीतर तिला तेल लागलं आहे.

दुसरी परीक्षा कागदावरची आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. गाडीच्या एका वेगाला किती आरपीएम असायला हवेत, ते तुम्ही स्वतः काढू शकता. त्याला दोन आकडे लागतात. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, माल भरलेली गाडी चाकाच्या बरोबर एका फेऱ्याएवढी ढकला आणि अंतर मोजा. समजा २ मीटर आलं. दुसरा आकडा डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरपेटीचा) रेशो, तो गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक नसेल तर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक उचला आणि अॅक्सल स्टँडवर टेकवा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवलं की तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलकडे जाणारा दांडा) जितके फेरे घेतो तोच रेशो. समजा ४.१ आला. आता चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला शाफ्टही मिनिटाला ३००० फेरे घेतो, चाक ३००० भागिले ४.१ म्हणजे साधारण ७३२ फेरे, आणि गाडी मिनिटाला १४६४ मीटर जाते. तासाला जवळपास ८८ किलोमीटर. याच हिशेबाने ताशी ६० किलोमीटरला २०५० आरपीएम हवेत.

तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. रस्त्यावर एका ठरावीक वेगाला हा आकडा पडताळून बघा, पण स्पीडोमीटरवर विसंबू नका, मोबाइलवरचा जीपीएस वेग घ्या. तेवढ्याच खऱ्या वेगाला काटा हिशेबापेक्षा वर असेल तर घसरणं आलं. हिशेब जुळला आणि टायर मात्र कंपनीच्या मापापेक्षा मोठे निघाले, तर तुमच्या तक्रारीचा एक भाग तिथेच सापडला. टायर १० टक्के मोठे घातले की ४.१ चं डिफरन्शियल जवळपास ३.७ चं असल्यासारखं वागतं. इंजिन तेच, पण प्रत्येक गिअर लांब झालेला. स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो, त्यामुळे मालकाला गाडी आहे त्यापेक्षा जास्तच मंद वाटते.

यालाच जोडून एक गोष्ट चालवण्याबद्दल. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. १५० न्यूटन-मीटर टॉर्क २५०० आरपीएमला साधारण ३९ किलोवॅट देतो, आणि टॉर्क १२० वर उतरला तरी ४००० आरपीएमला ५० किलोवॅट मिळतात. मीटर नसलेल्या गाडीचे ड्रायव्हर आवाजाला घाबरून गिअर लवकर टाकतात, आणि माल भरलेली गाडी चढावर १६००-१७०० वर गुदमरत राहते. मीटर बसल्यावर तोच चढ खालच्या गिअरमध्ये, काटा पुस्तकातल्या जास्तीत जास्त टॉर्कच्या आरपीएमच्या आसपास ठेवून चढून बघा. फरक पडला तर दोष अर्धा कमी झाला. समुद्रसपाटीपासून तुम्ही किती उंचीवर आहात तेही लक्षात घ्या. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे २००० मीटरवर जवळपास पाचवा हिस्सा. तो बिघाड नव्हे.

क्लच धरतो आहे, हिशेब जुळतो, थ्रॉटल पूर्ण उघडतो, तरीही गाडी ओढत नाही असं ठरलं, तर आता संशय इंजिनावर. इथे तिसरी परीक्षा. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून पेडल पूर्ण दाबा आणि गाडी कुठल्या आरपीएमला दम टाकते ते बघा. आकडे शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा, तुमची नजर रस्त्यावर. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन 'इंजिन ४००० पर्यंत छान जातं' म्हणणं व्यर्थ आहे. लोड नसताना इंजिनाला पेट्रोल लागतंच कितीसं? तुंबलेल्या फिल्टरमधूनही तेवढं येतं.

सुरुवातीपासून सगळीकडेच सारखी मंद असेल तर माझा पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो त्यावर जातो. पॉइंटची टाच कॅमवर झिजते, गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की स्पार्क उशिरा पडतो. हे इतक्या हळूहळू होतं की मालकाला कळतच नाही. आधी गॅप लावा (बहुतेक इंजिनांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर, पण आकडा तुमच्या पुस्तकातलाच धरा) आणि टायमिंग त्यानंतरच. उलट क्रमाने केलं तर पुन्हा करावं लागेल. टायमिंग लाइटने बघताना डिस्ट्रिब्यूटरला आलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन पुस्तकात दिलेल्या स्लो आरपीएमवर आणा. मीटरचा इथे दुसरा उपयोग होतो, कारण आरपीएम ठाऊक नसेल तर टायमिंगच्या आकड्याला अर्थ नाही. मग रेस सावकाश वाढवत ३००० पर्यंत जा. क्रँक पुलीवरची टायमिंगची खूण पुढे पुढे सरकत गेली पाहिजे. ती जागची हलली नाही तर डिस्ट्रिब्यूटरमधली (रेस वाढेल तसं टायमिंग पुढे नेणारी) वजनं गंजून जाम झाली आहेत. अशी गाडी स्लोवर सुरेख चालते आणि वर ओढत नाही. शेवटी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि दम धरून राहिली पाहिजे.

२५०० किंवा ३००० पर्यंत बरी आणि वर एकदम सपाट, असं असेल तर पेट्रोल पुरत नाही किंवा धूर बाहेर पडत नाही, या दोनपैकी एक धरून चला. पेट्रोलसाठी फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीपासून पंपापर्यंतचे चिरलेले रबरी पाइप, मग पंपाचं प्रेशर. कार्बोरेटरच्या मेकॅनिकल पंपाला साधारण ३ ते ६ पीएसआय असतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल तर गाडी थोडा वेळ चांगली ओढते, मग मरगळते, आणि झाकण उघडलं की हवा आत गेल्याचा आवाज येऊन पुन्हा सुधारते. सायलेन्सरसाठी इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. चांगलं इंजिन समुद्रसपाटीला स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं, उंचीला दर ३०० मीटरला एक इंच कमी धरा. आता २५०० वर इंजिन धरून ठेवा. गेज आधी वर जाऊन मग हळूहळू खाली उतरत राहिलं तर पुढे कुठेतरी एक्झॉस्ट तुंबला आहे. दुहेरी पत्र्याच्या पाइपात आतला पत्रा दबून बसतो आणि बाहेरून पाइप नवा दिसतो, म्हणून नुसतं बघून तो पास करू नका.

गाडी झटके देत असेल तर त्या क्षणी काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये चालू असताना, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत असताना, काटा पटकन शून्याकडे पडून परत वर आला, तर कॉइलच्या प्राथमिक बाजूचा करंट तुटतो आहे: पॉइंट, डिस्ट्रिब्यूटरमधली हलून तुटलेली बारीक वायर, किल्लीचा स्विच. झटका बसतो पण काटा स्थिर राहतो, तर पेट्रोल, प्लग, प्लगची वायर किंवा डिस्ट्रिब्यूटरची कॅप. रात्री घरी आल्यावर अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर वायरीतून उडणारा स्पार्क कित्येकदा नुसत्या डोळ्यांना दिसतो. आणि हो, गाडी थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिला आहे.

एवढं सगळं करून झालं की मगच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते गेजने मोजणं. इंजिन गरम, टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) आधी सेट केलेले (घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगलं इंजिनही कॉम्प्रेशन कमी दाखवतं), चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. हे शेवटचं विसरलं की आकडे खोटे येतात. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. डिझेल इंजिनात हा तेलाचा प्रयोग करू नका, तिथल्या कॉम्प्रेशनला ते तेल पेटू शकतं, आणि गेजही वेगळं लागतं.

म्हणजे इंजिन खोलायला सांगणारा माणूस चूकच आहे असं मी म्हणत नाही. जुन्या इंजिनात रिंगा गेलेल्या असू शकतात. पण मग त्याची लक्षणं दिसतील: सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल कमी होणं, भरायचं झाकण उघडल्यावर आतून फुंकर येणं. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन हातात असल्याशिवाय हेडच्या एकाही नटाला पाना लावू देऊ नका.

मीटर बसला की मला इतकं कळवा: स्लोवर आरपीएम किती, चौथ्यात जीपीएसवर ६० च्या वेगाला किती, आणि तिसऱ्यात पेडल पूर्ण दाबल्यावर काटा कुठे अडतो. बरोबर प्लगचा रंगही सांगा. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळी काजळी असेल तर जास्त. त्यावरून पुढे टाकीकडे जायचं की डिस्ट्रिब्यूटरकडे, ते सांगता येईल.